रिअ‍ॅक्टरमध्ये काय होतं ते पंचनाम्यात लिहा: तपास अधिकारी आणि सरकारी वकिलांना खुलं पत्र

प्रति,
गुजरातेत अमली पदार्थांच्या कारखान्यांचा तपास करणारे पोलीस अधिकारी
आणि एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे, खटले चालवणारे सरकारी वकील यांस,

सविनय नमस्कार.

जामिनाच्या अर्जावर न्यायालय साक्षीदार तपासत नाही. न्यायाधीशांसमोर असतात ते कागद: एफआयआर, पंचनामा, वजनाची नोंद, नमुन्यांची यादी आणि आला असलाच तर प्रयोगशाळेचा अहवाल. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, बनवल्याच्या आरोपात यातले महत्त्वाचे कागद धाड पडल्यावर पहिल्या काही तासांत, कारखान्याच्या फरशीवर उभं राहून लिहिले जातात. तेव्हा जे लिहायचं राहिलं ते नंतर कुणालाच भरून काढता येत नाही, कारण रिअ‍ॅक्टर रिकामा झालेला असतो आणि ड्रम सीलबंद होऊन गोदामात गेलेले असतात. म्हणून माझं एकच मागणं आहे: हे कागद रसायन समजून घेऊन लिहा. आज ते तसे लिहिले जात नाहीत. परिणामी शिफ्टवर हजर असलेला ऑपरेटर आत सडतो, आणि ज्याच्यासाठी माल बनत होता तो माणूस जामिनावर बाहेर येतो.

मी वडोदऱ्याचीच. दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले, सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि निवृत्त होईपर्यंत औषध कंपन्यांच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमध्ये काम केलं. बॅच पास की नापास, त्या कागदावर सही करणं हे माझं काम होतं. या शहराला रसायन परकं नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनतज्ज्ञच. १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू झालं. पुढे नंदेसरी, रणोली, मकरपुरा, सावली-मंजुसर, पादरा असा पट्टाच उभा राहिला. आमच्या मराठी घरांतून पूर्वी शिक्षक आणि कारकून निघायचे, नंतर केमिस्ट आणि ऑपरेटर निघू लागले. त्यामुळे कुठेतरी एमडीचा कारखाना पकडल्याची बातमी आली की इथल्या कितीतरी घरांत आधी फोन होतो: अरे, तू कुठल्या प्लांटवर आहेस सध्या?

धाडी पडू नयेत असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सावली तालुक्यातल्या मोक्सी गावाजवळच्या कारखान्यावर गुजरात एटीएसने धाड घातली, तेव्हा सव्वादोनशे किलोंच्या आसपास मेफेड्रोन मिळालं आणि त्याची किंमत ११२५ कोटी सांगितली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस सिंधरोटला पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोद्यात गुजरात एटीएस आणि केंद्राची अमली पदार्थविरोधी यंत्रणा एनसीबी यांनी मिळून नऊशे किलोंहून जास्त माल पकडला. ज्या घरातला मुलगा या पावडरीला लागला आहे, त्या घरात बसून मी त्याच्या आईशी बोलले आहे. दागिने गेले, झोप गेली, मुलगा तर केव्हाच हातचा गेला होता. असा माल बनवणाऱ्याला कायद्याने कडक शिक्षा व्हावी याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. आणि म्हणूनच कच्चे कागद पाहिले की जीव तळमळतो.

कायदा किती कडक आहे ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण हे पत्र आमचे लोकही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे. ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा. शिक्षा दहा ते वीस वर्षं. आणि मात्रा व्यावसायिक असली की कलम ३७ लागतं. मग जामीन देण्याआधी न्यायालयाला दोन गोष्टी पटाव्या लागतात: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही. खटला सुरू व्हायच्या आधी, आरोपीच्या हातात आपलेच कागद असताना, त्याने हे पटवायचं असतं. दोषारोपपत्रालाही इथे ९० नव्हे, १८० दिवसांची मुदत आहे, आणि सरकारी वकिलांच्या अहवालावर ती एक वर्षापर्यंत वाढू शकते. एवढी ताकद कायद्याने ज्यांच्या हातात दिली आहे, त्यांच्या कागदावर एकेका ओळीचा भार असतो.

आमच्या जुन्या वाड्यातल्या एका वहिनींचा मुलगा सध्या तुरुंगात आहे. बी.एस्सी. झालेला, कॉन्ट्रॅक्टरमार्फत प्लांटवर लागलेला शिफ्ट ऑपरेटर. तपास कोणत्या यंत्रणेचा, प्लांट कुठला, हे मी मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण न्यायालयात आहे आणि तो दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील. नवरात्राच्या आधी त्याला नेलं. वहिनी एकदा संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, वकीलसाहेब त्यांचं बघतायत. पण यातलं केमिकलचं काय ते तुम्ही वाचून सांगा ना."

मी वाचलं. पंचनामा गुजरातीत, अक्षर स्वच्छ, वेळा नीट घातलेल्या, पंचांच्या सह्या पानोपानी. आणि रसायनाबद्दल त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. रिअ‍ॅक्टरला "स्टीलचं मोठं यंत्र, नग २" म्हटलं होतं. त्याची क्षमता किती, तो चालू होता की बंद, आत काही होतं की धुऊन ठेवलेला होता, त्याचं जॅकेट, म्हणजे तापवायचं-थंड करायचं बाहेरचं आवरण, गरम होतं की गार, एक अक्षर नाही. "तीव्र वासाचा पिवळसर द्रव, ड्रम ४." ड्रमवर लेबल होतं का, बॅच नंबर होता का, सील उघडं होतं की कंपनीचं जसंच्या तसं, नाही. "पांढऱ्या पावडरसारखा पदार्थ, पिशव्या ३." त्या पिशव्या ड्रायरजवळ होत्या की स्टोअरमध्ये, पावडर ओली होती की कोरडी, नाही. बॅच शीट जप्त केल्याची नोंद नाही. लॉगबुकची नाही. नंतर पाच ओळींनी सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलेलं, आणि त्या एका आकड्यावर व्यावसायिक मात्रा उभी.

तो आकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला. चार ड्रम आणि तीन पिशव्या तिथल्याच काट्यावर चढवल्या होत्या. ड्रमसकट की ड्रम वजा करून, ते लिहिलेलं नाही. दोनशे लिटरचा रिकामा प्लास्टिकचा ड्रमच आठ-दहा किलोंचा भरतो. चार ड्रमांचे झाले तीस-चाळीस किलो, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या कित्येक पट वजन नुसत्या प्लास्टिकचं. काट्याला वजनमाप खात्याचा शिक्का होता का, तेही नाही. कुठल्याही कंपनीत असा कागद क्यूसीच्या टेबलावर आला असता तर तो परत गेला असता, आणि तिथे प्रश्न फार तर एका बॅचचा असतो.

आपण म्हणाल, मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात सांगितलं आहे. बरोबर आहे. अमली पदार्थात दुसरं काही मिसळलेलं असलं तर शुद्ध भाग वेगळा काढत बसायचं नाही, हा निकाल मला मान्य आहे. पण मिश्रण म्हणायला त्यात तो पदार्थ असावा लागतो. ज्या ड्रममध्ये मेफेड्रोनचा कणही नाही, नुसता सॉल्व्हंट आहे किंवा आधीच्या टप्प्यातलं इंटरमिजिएट आहे, त्या ड्रमचं वजन पावडरच्या वजनात मिळवता येत नाही. कुठल्या ड्रममध्ये काय आहे हे प्रत्येक ड्रमचा वेगळा नमुना घेतल्याशिवाय सांगणार कसं? नियंत्रित रसायनांचं कलम २५अ कलम ३७ च्या यादीत नाही. तिथे १९, २४, २७अ आणि व्यावसायिक मात्रेचे गुन्हे आहेत. म्हणजे फक्त कच्चा माल सापडला की तयार माल सापडला, यावर जामिनाची सगळी कसोटीच बदलते. हा फरक कायद्याने केला आहे. तो पंचनाम्यात उतरायला हवा, आणि रसायन कळणारं कुणी सोबत असल्याशिवाय तो उतरत नाही.

कलम ५४ चंही तसंच. अमली पदार्थ बनवण्यासाठी खास तयार केलेली साधनं किंवा त्या प्रक्रियेतून गेलेला माल ताब्यात असेल आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केल्याचं गृहीत धरता येतं. आता ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर, सेंट्रिफ्यूज, ट्रे ड्रायर हे नंदेसरीपासून पाद्र्यापर्यंत प्रत्येक प्लांटवर आहेत. त्यात रंग बनतात, तापाच्या गोळ्यांचा माल बनतो. साधन खास आहे की साधं, हे त्याच्या नळ्या कुठून कुठे जोडल्या आहेत, वायू कुठे सोडला आहे, माल कुठून भरला जातो यावरून कळतं. "मोठं यंत्र, नग २" यावरून ते न्यायाधीशांना कळणार नाही, बचावाच्या वकिलांना कळणार नाही, आणि तीन वर्षांनी साक्षीला उभ्या राहिलेल्या आपल्याच अधिकाऱ्यालाही आठवणार नाही.

नमुन्यांबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण माझा जन्म त्यातच गेला. कलम ५२अ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर यादी, फोटो आणि नमुने करायचे. २०१६ च्या मोहनलाल निकालाने ते पक्कं केलं आणि डिसेंबर २०२२ च्या नियमांनी पद्धत घालून दिली. एकसारखी पाकिटं असतील, आकार, वजन, खुणा सारख्या आणि जागेवरच्या रंगचाचणीच्या किटवर निकालही सारखा, तर दहा-दहाचे गट करता येतात. इथे तीन पिशव्यांतून थोडं थोडं घेऊन एकत्र केलं आणि त्यातून नमुना काढला. पिशव्या सारख्या होत्या का, ते लिहिलेलं नाही. समजा एका पिशवीत मेफेड्रोन आहे आणि दोन पिशव्यांत साधं मीठ. एकत्र केलेल्या नमुन्यात मेफेड्रोन सापडणारच, आणि कागदावर तिन्ही पिशव्या मेफेड्रोनच्या होणार. उलट बाजूनेही बघा: आरोपी खरोखरच दोषी असेल, तर त्याच्या वकिलाला आपण स्वतःच्या हाताने शंका काढून दिली. वेगळा नमुना घ्यायला किती वेळ लागतो? पिशवीमागे दोन-चार मिनिटं, स्वच्छ स्पॅच्युला, नवी बाटली, लेबल, सही.

किटबद्दल. जागेवर रंग पाहून जो निष्कर्ष काढला जातो, तो शंकेपुरता असतो. रंग बदलला म्हणजे पुढे तपासायला जागा आहे, इतकंच. वेगवेगळ्या पदार्थांना एकाच अभिकर्मकाने मिळतेजुळते रंग येतात, बाटली जुनी झाली की रंग फिके पडतात, पिवळ्या ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि जांभळा यांत गफलत होते. पंचनाम्यात मात्र "किटने तपासता एमडी असल्याचे निष्पन्न झाले" असं वाक्य येतं, आणि रिमांडपासून जामिनापर्यंत तेच पुढे चालत राहतं. कोणतं किट, कोणती बाटली, तिची मुदत, रंग कोणता आला, फोटो काढला का, हे लिहिलं तर निदान वाचणाऱ्याला वजन जोखता येईल. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे २०२३ मध्ये आलेलं प्रकरण आपल्याला आठवत असेल. एमडीएमए (हा दुसरा एक अमली पदार्थ) म्हणून जप्त केलेला माल प्रयोगशाळेत युरिया निघाला. माणसं तोवर तुरुंगात होती. उच्च न्यायालयाला भरपाईचा आदेश द्यावा लागला.

प्रयोगशाळेकडे आता येते. नियम असा की नमुना पोचल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल न्यायालयाकडे जावा. प्रमाण काढायला जास्त वेळ लागत असेल तर पदार्थ कोणता हे पंधरा दिवसांत कळवावं आणि प्रमाणाचा निकाल पुढच्या पंधरा दिवसांत द्यावा. या मुलाचा अहवाल उत्तरायण होऊन गेल्यावर आला. तोपर्यंत सत्र न्यायालयाने जामीन नाकारला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. आणि अहवालात काय? नमुन्यांपैकी एकात मेफेड्रोन आढळलं, बाकीच्यांत नाही. प्रमाण दिलेलं नाही. पद्धतीच्या रकान्यात जीसी-एमएस (घटक वेगळे करून रेणू ओळखणारं यंत्र), बस. मेफेड्रोनची भावंडं, म्हणजे मिथाइल गट वलयावर दुसऱ्या जागी बसलेले रेणू, मास स्पेक्ट्रममध्ये जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांना वेगळं ओळखायला संदर्भ मानक, म्हणजे खात्रीचा शुद्ध नमुना, शेजारी चालवून दोघांना यंत्रातून बाहेर पडायला लागणारा वेळ जुळवून पाहावा लागतो. ते केलं असेलच; पण अहवालात लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते झालं असं आमच्या धंद्यात धरत नाहीत. प्रयोगशाळेतल्या माणसांवर माझा राग नाही. टेबलावर ढीग किती असतात ते मी पाहिलं आहे. पण अहवालाशिवाय जामिनाला विरोध करताना सरकारी वकिलांनी न्यायालयाला नमुना कधी गेला, कधी पोचला आणि कुठे अडला, हे आपणहून सांगावं. आणि ज्या नमुन्यांत काहीच आढळलं नाही, ते पान दोषारोपपत्राच्या मागे शेवटी टाचलेलं नसावं. ते पहिल्याच सुनावणीला वाचून दाखवावं. दोषारोपपत्र अहवालाविना पूर्ण धरायचं की नाही यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. वकिलांनी तो वाद जरूर घालावा, मुलाच्या आईला त्याने काही मिळत नाही.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. ऑपरेटरला काय माहीत असतं? जॉब वर्क करणाऱ्या कितीतरी छोट्या प्लांटवर कच्च्या मालाला सांकेतिक नावं असतात. आरएम-१, आरएम-२. बॅच शीटवर लिहिलेलं: इतकं भरा, इतक्या तापमानाला इतके तास ढवळा, थंड करा, सेंट्रिफ्यूजला काढा. तयार मालालाही नंबरच. हे लपवाछपवीसाठीच असतं असं नाही. धंद्यातली गुपितं राखायला चांगल्या कंपन्याही करतात. ऑपरेटर बॅच शीटवर टिक करतो आणि शिफ्ट संपली की बसमध्ये बसतो. काहींना कळतं, काहींना संशय येतो, काही पैशांसाठी डोळे मिटून घेतात. या तिघांत फरक आहे, आणि तो दाखवणारा पुरावा असतो. पगार किती होता, तो बँकेत यायचा की पाकिटात? रात्रीची पाळीच का? मोबाइल गेटवर काढून घेत होते का? सूत्र कुणाच्या फोनवर होतं? यातलं काहीही त्या कागदांत नाही. "जागेवर मिळून आला" एवढंच आहे. ऑपरेटर आपल्या पाळीला मशीनवर नसेल तर कुठे असेल?

मालकापर्यंत पोचायचं असेल तर पुरावा फरशीवर नसतो, हिशेबात असतो. किती युनिट वीज जळली आणि किती माल विकल्याचं जीएसटीत दाखवलं. किती सॉल्व्हंट आला, किती रिकव्हर झाला. सांडपाणी गेलं कुठे? वडोदऱ्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी सुमारे ५६ किलोमीटरच्या चॅनलमधून सारोदपर्यंत, खंभातच्या आखातात जातं. सामाईक प्रक्रिया केंद्रांत कोणाचा टँकर किती वेळा आला याच्या नोंदी असतात. महिनोन्‌महिने बॅच चालल्या आणि एकही टँकर गेला नाही, तर ते पाणी कुणीतरी कुठेतरी ओतलं आहे, आणि ते ओतायला सांगणारा ऑपरेटर नसतो. घातक कचऱ्याची मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंदपत्रं), ड्रम विकणाऱ्या भंगारवाल्याची वही, ट्रान्सपोर्टची बिल्टी, हे गोळा करायला धाडीच्या दिवशीचा तामझाम लागत नाही. शांतपणे बसून काम करणारा एक हवालदार आणि रसायनाचा एक माणूस पुरे.

हे झालं नाही म्हणून काय झालं पाहा. ज्याने प्लांट भाड्याने घेतला होता, त्याच्याविरुद्ध या प्रकरणात सहआरोपींच्या जबाबांपलीकडे फारसं काही नव्हतं. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, हा जुना कायदा आहे. एनडीपीएसच्या अधिकाऱ्यांपुढच्या कलम ६७ च्या जबाबांनाही २०२० च्या तोफान सिंग निकालाने तेच लागू केलं. प्लांट भाड्याने घेणाऱ्याला जामीन मिळाला. न्यायालयाने कायद्याप्रमाणेच केलं, माझी तक्रार नाही. ऑपरेटरला मिळाला नाही, कारण तो पिशव्यांच्या जवळ उभा होता. सुक्याबरोबर ओलं जळतं हे आपण नेहमी ऐकतो. इथे सुकं वखारीत सुरक्षित राहिलं आणि ओलं जळतंय.

अटकेच्या वेळेचा वादही या मुलाच्या जामीन अर्जात आहे. घरचे म्हणतात, पहाटे घरून नेलं. पंचनामा म्हणतो, रात्री प्लांटवर सापडला. दोन्हींतलं एकच खरं असणार, आणि ते कळायला कुणाच्या शब्दावर जायची गरज नव्हती. सोसायटीचा कॅमेरा होता. डीव्हीआरवर पंधरा-वीस दिवसांत नवं चित्रण जुन्यावर चढतं, आणि ते मागायला कुणी आलं नाही. प्लांटचा डीव्हीआर जप्त आहे, पण त्यातल्या चित्रणाची हॅश व्हॅल्यू (चित्रणात फेरफार झाला का हे दाखवणारा आकडा) नोंदलेली नाही, प्रत आरोपीला मिळालेली नाही. जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचंच आहे. इथे ते जोडलंय ते फक्त सील लावतानाचं, काही मिनिटांचं. कपाट उघडतानाचं, ड्रमपर्यंत जातानाचं, काटा वाचतानाचं चित्रण कुठे आहे? शेजारच्या मध्य प्रदेशातल्या मंदसौर जिल्ह्यात २०२५ मध्ये एका बारावीच्या मुलावर अफूचा गुन्हा नोंदला गेला. त्याला बसमधून उतरवून नेल्याचं बसच्याच सीसीटीव्हीत निघालं, इंदूर खंडपीठापुढे पोलीस अधीक्षकांना चूक कबूल करावी लागली आणि पोलीस निलंबित झाले. ते चित्रण मिळालं म्हणून तो मुलगा सुटला. चित्रण पुसलं गेलं असतं तर कलम ३७ त्याच्याही आड उभं राहिलं असतं. आपलं काम सचोटीचं असेल, आणि बहुतेकांचं असतं, तर कॅमेरा आपला पहिला साक्षीदार आहे.

एक उत्तर मला अपेक्षित आहे. कलम ५२अ मधल्या त्रुटी म्हणजे आपोआप जामीन नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये काशिफ प्रकरणात स्पष्ट केलं आहे, मग एवढा आटापिटा कशाला? मी तो निकाल ढिलाईची परवानगी म्हणून वाचत नाही. त्याचा अर्थ माझ्या लेखी असा, की कागद कच्चा असला तरी माणूस आत राहू शकतो. म्हणजे कागद पक्का करण्याची जबाबदारी आपल्यावर आणखी जास्त येते. २०२३ च्या मोहम्मद मुस्लिम निकालात त्याच न्यायालयाने हेही म्हटलंय की खटला रखडत राहिला तर कलम ३७ असूनही जामिनाचा विचार करावा लागेल. आपण पुरावा लवकर आणि नीट आणलात तर यातलं काहीच कुणाला वापरावं लागणार नाही. खरा गुन्हेगार नीट लिहिलेल्या पंचनाम्याला भितो. त्रुटी शोधायला तो महागातले वकील लावतो. आमच्या वहिनींकडे तेवढे पैसे नाहीत.

सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये आलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. गुजरातेने त्या मुदतीची वाट का पाहावी? राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे. एमडीच्या कारखान्यावर धाड घालताना तज्ज्ञ गाडीतच असावा. तो नसेल तर निदान प्रोसेस समजणारा माणूस असावा, आणि तो जे बघेल ते त्याच्या सहीने पंचनाम्यात यावं. त्याने सुरक्षाही सांभाळली जाईल. धाडीला गेलेले पोलीस साधा रुमाल बांधून सॉल्व्हंटच्या वाफेत उभे असल्याचे फोटो मी पाहिले आहेत. एक ठिणगी पडली असती तर काय झालं असतं या विचाराने पोटात गोळा येतो.

हेच पत्र गुजरातीत संबंधित कार्यालयांना टपालाने पाठवलं आहे. त्यासोबत मी आणि क्यूसी-प्रोडक्शनमधून निवृत्त झालेल्या माझ्या काही सहकाऱ्यांनी मिळून तयार केलेला दोन पानांचा नोंदतक्ता जोडला आहे: प्रत्येक भांड्याला नंबर, क्षमता, स्थिती, तापमान, आतला माल, लेबल, बॅच नंबर, रिकाम्या भांड्याचं वजन, निव्वळ वजन, नमुना क्रमांक, फोटो क्रमांक, आणि ते भांडं त्या वेळी कोण हाताळत होतं. आपल्या अधिकाऱ्यांनी तो एकदा वापरून पाहावा, जिथे अडेल तिथे बदलावा. शिकवायला आम्ही कुठेही येऊ, मानधन नको. वहिनींच्या मुलाचा अर्ज आता अहमदाबादेत सोल्याला उच्च न्यायालयात आहे. त्या सुनावणीत सरकारी वकिलांनी चारही ड्रमांचे वेगवेगळे निकाल आणि रिकाम्या ड्रमांचं वजन न्यायालयासमोर ठेवावं, ही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. मग जामीन मिळो वा न मिळो.

आपली,
एक निवृत्त रसायन विश्लेषक
दांडिया बाजार, वडोदरा